जाड भिंगांचा चष्मा

१

चष्मेवाले अण्णा पोटमाळ्याच्या शिडीखाली मरून पडलेले सापडले, तेव्हा समोरच्या मॉलचे काचेचे दरवाजे अजून उघडायचे होते.

सापडले ते शेजारच्या टेलरमावशींना. रोजच्यासारख्या त्या सकाळी थेंब घालायला गेल्या, शटर अर्ध्यावर दिसलं म्हणून वाकून आत शिरल्या आणि तशाच मागे फिरल्या. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. थेंबांची बाटली हातात तशीच धरून, गाड्यांना हात दाखवत त्यांनी तो अवाढव्य रस्ता ओलांडला आणि मॉलच्या फाटकावरच्या रखवालदाराला एवढंच म्हणाल्या, "तुमच्या फौजदारबाईंना बोलवा. आत्ता."

फौजदारबाई म्हणजे मॉलच्या सुरक्षेच्या मुख्य. पोलिसातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण हुद्दा काही अंगावरचा सुटला नव्हता. याच नाक्यावरच्या चौकीत त्यांनी उमेदीचा काळ काढला होता. तेव्हा इथे एक बसथांबा, एक पाणथळ माळ आणि बैठ्या दुकानांची एक रांग, एवढाच पसारा होता. मग माळावर भराव पडला. भरावावर कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. मनोऱ्यांतल्या माणसांना खायला-मिरवायला जागा हवी म्हणून मॉल आला, आणि मॉलला पार्किंग हवं म्हणून चौकीच हलली. उरली ती बैठ्या दुकानांची रांग, कवळीत एखादा खरा दात राहून जावा तशी. रांग अण्णांच्या वडिलांनी बांधलेली, जमीन अण्णांच्या नावावर. बाकीचे सगळे भाडेकरू. आणि अण्णा विकायचं नाव घेत नव्हते.

बाई दुकानात शिरल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की गेल्या दोन-तीन महिन्यांत आपण हा रस्ता ओलांडलाच नाही. रोज वरून, कंट्रोल रूममधून रांग दिसते. दिसते म्हणून जायचं राहतं.

अण्णा उताणे पडले होते. डोकं भिंगं घासायच्या यंत्राच्या लोखंडी पायावर आपटलेलं. शिडी आडवी. भिंतीशी सुतळीने नीट बांधलेली खोकी, एकावर एक रचून ठेवलेली. शर्टाच्या खिशातून एका बारीक चष्म्याची काडी डोकावत होती. आणि नाकावर तो त्यांचा जन्माचा सोबती: काळ्या फ्रेमचा, जाड भिंगांचा चष्मा.

नवे पोलिसअधिकारी आले. कधीकाळी बाईंच्याच हाताखाली शिकलेले. सगळे त्यांना आता साहेब म्हणत, बाई मात्र अजून अरे-तुरेच करत.

"म्हातारा माणूस, अधू डोळे, लाकडी शिडी," साहेब हळू आवाजात म्हणाले. "यात शोधायचं काय, बाई?"

"चष्मा बघ."

"बघितला. काळा आहे."

"सरळ आहे," बाई म्हणाल्या. "माणूस एवढ्या उंचावरून पाठीवर आदळला. कवटी फुटली. आणि चष्म्याच्या दोन्ही काड्या कानांवर जिथल्या तिथे? काचेला साधा चरा नाही?"

साहेब खाली वाकले. त्यांनी जीभ टाळूला लावून एक बारीकसा आवाज केला.

"हा चष्मा अण्णा पडताना त्यांच्या नाकावर नव्हता," बाई म्हणाल्या. "ते मेल्यावर कुणीतरी तो घातलाय."

२

साहेबांचं म्हणणं पडलं, की गणवेश बघून या भागात सगळ्यांची दातखीळ बसते. तेव्हा बाईंनीच जरा लोकांशी बोलावं. बाईंना तेच हवं होतं.

मावशींच्या दुकानात एक मशीन, एक आरसा आणि आखूड करायला आलेल्या पँटांचा ढीग. मनोऱ्यांतले लोक मॉलमध्ये कपडे घेत आणि मापाचे करून घ्यायला रस्ता ओलांडून मावशींकडे येत.

"अण्णांचं कुणाशी वाकडं होतं?"

"सरळ कुणाशी होतं ते विचारा, बाई. जमीन सोन्याची झाली की मालक सगळ्यांच्या डोळ्यात खुपतो." मावशींनी सुई गादीत खुपसली. "तो गोडबोल्या दर आठवड्याला यायचा, मॉलच्या कंपनीचा. बेकरीवाल्याशी परवाच भांडण झालं. मुलगा आहे, तो तुम्हाला ठाऊकच. आणि मी आहे. ते गेले तर मी रस्त्यावर. तेवढं वजा करा माझ्या नावातून."

"काल संध्याकाळी कोणी आलं होतं?"

"मी लवकर घरी गेले. जाताना ते पोटमाळा रिकामा करत होते. मी म्हटलं, अण्णा, या वयात शिडी? तर म्हणाले, आता नाही चढायचं तर कधी?" मावशींनी सुई पुन्हा उचलली. "अडगळ कमी करतोय म्हणाले."

बेकरीवाला पलीकडच्या टोकाला. आडवा देह, तोंड फटकळ. तो लपवाछपवीच्या भानगडीत पडला नाही.

"हो, भांडलो! मी त्याला तोंडावर म्हटलं, अण्णा, तू स्वतः खात नाहीस आणि दुसऱ्याला खाऊ देत नाहीस. मॉलच्या तळघरात तयार केक येतात, शहराच्या पलीकडून. माझी भट्टी कोण विचारतो? कंपनी मला फूड कोर्टात एक टपरीवजा जागा देत होती. फक्त अण्णाने सही करायची."

"मग ते काय म्हणाले?"

"काय म्हणणार? चेष्टा. आपल्या दारात उभा राहून तिथून ओरडला, 'अरे, आधी तुझ्या पावावरची माशी हाकल! मला इथून दिसतेय!' गिऱ्हाइकांसमोर! खरंच बसली होती, ती गोष्ट वेगळी." त्याने फडकं खांद्यावर टाकलं. मग एकदम खाली बघून म्हणाला, "काल शटर ओढताना मी त्याला हाकसुद्धा मारली नाही. रुसलो होतो. त्याच्या दुकानातून कुणाचातरी आवाज येत होता, बाई. पुरुषाचा. चढलेला."

"कुणाचा?"

"ओळखला नाही. पण अण्णा काय म्हणाला ते ऐकलं. 'थांब. आधी खाली उतरू दे मला.'"

३

गोडबोल्याचं खरं नाव त्याच्या कार्डावर होतं, पण ते कार्ड या रांगेतल्या कुणी जपून ठेवलं नव्हतं. त्याचं ऑफिस मॉलच्याच वरच्या मजल्यावर, बाईंच्या कंट्रोल रूमपासून चार दारं पुढे. टेबलावर येऊ घातलेल्या इमारतीचं पांढरंशुभ्र पुठ्ठ्याचं रूप मांडलेलं. बारीक पुठ्ठ्याची माणसं, बारीक पुठ्ठ्याची झाडं. बैठी रांग जिथे होती तिथे एक कारंजं.

"फार वाईट झालं हो," गोडबोल्या म्हणाला. साखर पेरल्यासारखा आवाज. "काका म्हणजे आमच्या वडिलांसारखे."

"सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा तुमचा."

"बाई, असं नका बोलू. तुम्ही आम्ही एकाच घरातले." तो हसला. "एकाच घराचा पगार खाणारे, नाही का?"

धमकी इतकी मऊ होती, की तिला हात लावला तर खड्डा पडला असता.

"शेवटचं कधी भेटलात?"

"परवा. छान बोलले. चेष्टेखोर माणूस! मी दारातून आत येतोय तोच काउंटरमागून म्हणतात, 'साहेब, तुमच्या कॉलरचं बटण वेगळ्या दोऱ्याने शिवलंय. मावशींकडे जा, नीट शिवून देतील.' घरी जाऊन पाहिलं, खरंच वेगळा दोरा!"

"आणि सहीचं?"

गोडबोल्याने पुठ्ठ्याचं एक झाड बोटाने सरळ केलं. "सहीचं काय, व्हायचं तेव्हा होतं," तो म्हणाला. "काल संध्याकाळी मी वरिष्ठांबरोबर बैठकीत होतो. वीसएक माणसं साक्षीला आहेत. विचारा."

बाईंनी विचारलं. खरं होतं. खोटं बोलायची गरजच पडू नये अशी तजवीज करणारा माणूस होता तो.

४

अण्णांचा मुलगा पलीकडच्या नव्या वसाहतीत राहायचा. अण्णा त्याला बाळ म्हणत, म्हणून सगळी रांगच बाळ म्हणे. कानशिलं पिकली तरी बाळच. लहानपणी त्याला दप्तर घेऊन दुकानाच्या पायरीवर बसलेलं बाईंनी पाहिलं होतं.

घर नीटनेटकं, हप्त्यांवर उभं. सून पाणी देऊन दाराशी उभी राहिली. आतल्या खोलीत नात अभ्यासाला बसली होती, किंवा तसं दाखवत होती.

"काल संध्याकाळी कुठे होतास?"

"ऑफिसात. उशीर झाला." बाळने तोंडावरून हात फिरवला. डोळे रडून सुजलेले होते आणि ते रडणं खोटं नव्हतं. "बाई, लोक काय म्हणतात मला माहीत आहे. पोराने बापाला टाकलं. पण तसं नाही. मी दर रविवारी जायचो. दर रविवारी."

"जातात हे," सून म्हणाली. "पाऊस असो, आजारपण असो. सकाळी गेले की जेवायलाच परत."

"काय करायचात दोघं?"

"काय करणार? बसायचो. त्यांना दिसायचं कमी. मोतीबिंदू पिकलेला, पण ऐकतील तर शपथ. म्हणायचे, दुसऱ्यांचे डोळे तपासता तपासता माझे गेले." त्याला हुंदका आला. "तो चष्मा नेहमी माखलेला असायचा. मीच त्यांच्या नाकावरून काढायचो, पुसायचो, परत घालायचो. गेल्या रविवारीसुद्धा. लहान मुलासारखे मान पुढे करायचे, बाई."

सुनेने डोळ्यांना पदर लावला. लिफ्टने खाली येताना त्या स्वतःला बजावत होत्या, की दुःख हा काही पुरावा नव्हे, ना गुन्हा असल्याचा ना नसल्याचा. पण मनात काहीतरी टोचत होतं. कशाततरी खुपसलेली सुई सापडू नये, पण बसताना बोचावी, तसं.

रस्त्यावर येईपर्यंत ते सापडलं.

धूळ.

सकाळी त्या वाकल्या तेव्हा चष्म्याच्या भिंगांवर धुळीचा अख्खा थर होता. सगळीकडे बांधकामं चाललीत, धूळ बसायचीच, असं म्हणून त्यांनी ते सोडून दिलं होतं. पण तो थर दोन-चार दिवसांचा नव्हता. आणि मुळात, एवढ्या थरामागून कुणी बघतंच कसं?

५

"मावशी," बाईंनी दारातूनच विचारलं, "तुम्ही सकाळी थेंब घालायला आलात. कसले थेंब?"

"कसले म्हणजे? ऑपरेशननंतरचे."

"कसलं ऑपरेशन?"

मावशींनी मशीन थांबवलं. मग हळूच म्हणाल्या, "तुम्हालाही माहीत नव्हतं होय? मोतीबिंदूचं. दोन्ही डोळ्यांचं. एक आधी, एक नंतर. मीच नेलं होतं. भिंग आतच बसवलं त्यांच्या. लांबचा चष्मा कायमचा गेला, वाचायला तेवढा बारीकसा खिशात ठेवायचे."

बाई स्टुलावर बसल्या. हातच्या काकणाला आरसा कशाला! सगळं समोरच होतं. पावावरची माशी. कॉलरचा दोरा. बाईंच्या ओळखीचे अण्णा आवाजावरून माणूस ओळखायचे. त्यांना पलीकडच्या दुकानातली माशी दिसलीच कशी, हे आपल्याला का सुचलं नाही?

"मग तो जाड चष्मा?"

"काउंटरवर उघडाच ठेवला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे, बघा, या दोन बाटल्यांच्या बुडांतून मी जग बघत होतो म्हणून. हात लावायचे नाहीत पण. म्हणायचे, बसू दे धूळ, बरीच वर्षं बसवून ठेवलंय याने मला."

"सकाळी त्यांच्या नाकावर तोच होता, मावशी."

मावशींचा हात तोंडावर गेला. "मी... मी चेहऱ्याकडे बघितलंच नाही. रक्त बघितलं आणि फिरले."

साहेब आले तेव्हा बाईंनी त्यांना टेलरच्या आरशासमोरच्या खुर्चीत बसवलं आणि सावकाश समजावलं.

"नीट ऐक. अण्णा शिडीवर होते, डोकं पोटमाळ्यात, पाठ दाराकडे. कुणीतरी आलं, बोलाचाली झाली, शिडी ओढली गेली. अण्णा पडले. तो माणूस खाली वाकला आणि बघतो तर तोंडावर चष्मा नाही. तो घाबरला. त्याला वाटलं झटापटीत उडाला. चष्मा लांब कुठेतरी सापडला तर पोलीस म्हणतील झटापट झाली. त्याने शोधला. काउंटरवर मिळाला. नेऊन नाकावर घातला. झालं, अपघात."

"पुढे?"

"आता सांग, असं कोण करेल? कोणी परका, पैसे देऊन पाठवलेला गुंड? त्याला अण्णा चष्मा लावतात की नाही याचं काय? त्याने चष्मा शोधलाच नसता. म्हणजे परका नव्हे. बरं, रोजचा माणूस? मावशी? बेकरीवाला? गोडबोल्या? त्या तिघांना ठाऊक होतं की अण्णांना आता लख्ख दिसतं. ते हा चष्मा कशाला घालतील? परका असता तर चष्मा घातला नसता. रोजचा असता तर हा घातला नसता. उरतो कोण? ज्याला जुने अण्णा पाठ होते, आणि ज्याने नवे अण्णा पाहिलेच नव्हते."

"त्यात तुम्हीही बसता, बाई."

"बसते," बाई म्हणाल्या. चेहरा मात्र आरशात बघवला नाही त्यांना. "पण मी गेल्या रविवारी त्यांचा चष्मा पुसला, असं मी कुणाला सांगितलेलं नाही."

६

मॉलमध्ये गेल्या महिन्याभराचं चित्रण ठेवलेलं असतं. बाईंनी आपल्याच खुर्चीत बसून रविवार काढले. दुसऱ्या मजल्यावर, सरकत्या जिन्याजवळ रस्त्याकडे तोंड केलेलं एक बाक होतं. सकाळी बाळ यायचा आणि तिथे बसायचा. जेवायच्या वेळी उठून जायचा. रविवारीच नव्हे, इतर दिवशीही, ऑफिसची बॅग मांडीवर घेऊन. पडद्यांवर रोज हजारो तोंडं सरकतात. हे एक ओळखीचं तोंड त्यांत विरघळून गेलं होतं. कधीकधी शेजारी येऊन बसणारं दुसरं तोंडही ओळखीचं निघालं. गोडबोल्याचं.

बाळला साहेबांनी दुकानात बोलावलं. जागा तीच. यंत्राचा पाया पुसून काढलेला.

"नोकरी कधी सोडलीस?" बाईंनी विचारलं.

बाळने बायकोकडे बघितलं. ती सोबत आली होती. तिने त्याच्याकडे बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"कंपनीने भागीदारी देऊ केली होती," तो खाली मान घालून म्हणाला. "नव्या इमारतीत चष्म्यांची भली मोठी शोरूम. मी चालवायची. कार्डंसुद्धा छापून दिली. फक्त बाबांची सही. मला वाटलं, महिन्याभराचं काम."

"आणि रविवारी तू कुठे असायचास?"

"इथेच."

"गेल्या रविवारी त्यांचा चष्मा पुसलास?"

"पुसला."

"कुठला, रे?" मावशी दारातून म्हणाल्या. त्यांना कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. "कुठला चष्मा पुसलास, बाळ? त्यांचे दोन्ही डोळे झाले होते. त्यांच्या नाकावर चष्मा नव्हताच."

बाहेरून बसचा भोंगा ऐकू आला.

"डोळे झाले होते?" बाळने विचारलं. पकडलेल्या माणसाचा आवाज नव्हता तो. उशिरा बातमी कळलेल्या मुलाचा होता. "म्हणजे... दिसत होतं?"

"सगळं दिसत होतं," मावशी म्हणाल्या. "तूसुद्धा."

"मावशी..." बाईंनी अडवलं.

"आता बोलू द्या मला, बाई. त्यांनी शपथ घातली होती म्हणून गप्प होते. दुसरा डोळा झाला, पट्टी निघाली, तर इथे दारात उभे राहिले आणि समोर बोट दाखवून म्हणाले, 'मावशी, त्या काचेमागे माझं बाळ बसलंय.' मी म्हटलं, हाक मारू का? तर म्हणाले, 'नको. मी बघतोय हे त्याला कळलं, तर तिथेही बसायचा बंद होईल.' रोज सकाळी थेंब घालून झाले की आधी तिकडे बघायचे. तू आलेला दिसलास की मग शटर पूर्ण वर करायचे."

बाळ खाली बसला. जमिनीवरच, लहानपणी पायरीवर बसायचा तसा.

"मला यायचं होतं," तो म्हणाला. "पण सही नाही म्हटलं की भांडण, आणि भांडण झालं की... म्हणून नुसता बसायचो. काल दुपारी तो कंपनीवाला म्हणाला, तुझे वडील कायमचे नाही म्हणाले. कंपनी उद्या दुसरी जागा घेतेय. तू संपलास. संध्याकाळपर्यंत मी तिथेच बसून होतो, मग उठलो, रस्ता ओलांडला. बाबा शिडीवर होते. मी म्हटलं, आज सही करा. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. म्हणाले, थांब, आधी खाली उतरू दे मला. मला वाटलं, पुन्हा तेच. पुन्हा थांब. आयुष्यभर थांब. मी शिडी धरून हलवली. एवढंच, बाई. हलवली."

"शिडीवर चढून ते काय करत होते, हे विचारलंस?"

त्याने मान हलवली. नाही.

बाई भिंतीशी रचलेल्या खोक्यांजवळ गेल्या आणि त्यांनी एकाची सुतळी सोडली. आत जुन्या फ्रेमा कागदात गुंडाळलेल्या, भिंगं कापसात ठेवलेली. दुसऱ्यात नंबर काढायचे तक्ते. अडगळ कुणी अशी कापसात बांधत नाही.

"ते दुकान हलवत होते, बाळ," बाई म्हणाल्या. "जागा सोडायचं त्यांनी ठरवलं होतं."

७

साहेब त्याला घेऊन गेले, तशा बाई तडक वरच्या मजल्यावर गेल्या. गोडबोल्या उठून उभा राहिला. रीतीभातीत तो कधी कमी पडला नाही.

"अण्णा परवा तयार झाले होते," बाई म्हणाल्या. "तुम्हाला सांगितलं त्यांनी. बटणाची गोष्ट सांगितलीत, ही गिळलीत."

"तयार होते, हो," गोडबोल्या सहज म्हणाला. "पोरासाठी म्हणाले. पण अट घातली. रांगेतल्या प्रत्येकाला खालच्या मजल्यावर, रस्त्याच्या तोंडाला दुकान. टेलर, बेकरी, सगळ्यांना. बाई, खालच्या मजल्याचा भाव तुम्हाला ठाऊक नाही. तिथे पँटा आखूड करायच्या?"

"म्हणून तुम्ही पोराला सांगितलंत, की ते नाही म्हणाले."

"मी म्हणालो, समजूत घाला. मुलगा वडिलांची समजूत घालतो, त्यात काय वाईट? अट सोडायला लावली असती त्याने. हे असं होईल हे मला काय माहीत?"

बाईंना तो खरं बोलतोय असं वाटलं, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला.

साहेबांनी कायद्याची पुस्तकं पालथी घातली. "खोटं सांगितलं, एवढंच," ते म्हणाले. "खोटं सांगितलं म्हणून कुणाला आत टाकायचं ठरवलं, तर हे सगळे मनोरे रिकामे करावे लागतील, बाई."

बापाला मारणाऱ्याला बापाची इस्टेट मिळत नाही. ती नातीकडे गेली आणि नात अजून अजाण, म्हणून कागद सुनेपुढे आले. घराचे हप्ते, वकील, मुलीचं शिक्षण. तिने सही केली. अट कुणी काढली नाही, कारण गोडबोल्या ती काढणार नव्हता आणि बाईंना-मावशींना सह्यांच्या खोलीत जायचा हक्क नव्हता. बाई सहीच्या आधी तिच्या घरी सांगायला गेल्या होत्या. तिने दार उघडलं, ऐकून घेतलं आणि म्हणाली, "रविवारी ते कुठे जायचे ते तुम्हाला दिसत होतं, तेव्हा का नाही आलात?"

बाईंनी महिनाअखेरीला मॉलची नोकरी सोडली. कुणी थांबवलं नाही. बेकरीवाल्याला फूड कोर्टात जागा मिळाली. तिथे तो तळघरातले तयार केक गरम करून देतो आणि कुणाशी फटकळपणे बोलत नाही. रांग पाडायला एक सकाळ पुरली.

मावशींनी शहराच्या आणखी बाहेर, बसमार्गाच्या शेवटी एक गाळा भाड्याने घेतला. मशीन हलवताना बाई टेम्पोत सोबत होत्या. तिथे एक बसथांबा होता, मागे गवताळ माळ आणि रस्त्याकडेला नुकतीच बांधलेली चार-पाच दुकानं. मावशींनी मशीन उजेडाला लावलं, आरसा टांगला आणि बाईंना स्टूल दिलं.

"बरी आहे जागा," बाई म्हणाल्या.

"शांत आहे," मावशी म्हणाल्या.

दुपारी एक मोटार थांबली. नीट इस्त्रीचे कपडे घातलेला एक तरुण उतरला, माळाकडे डोळे बारीक करून बघत राहिला, मग गाळ्यापाशी आला.

"या," मावशी म्हणाल्या. "काय शिवायचंय?"

"काही नाही, मावशी. नुसती जागा बघतोय. तुमचा मालक कुठे राहतो?"

मावशींनी बाईंकडे बघितलं. बाई स्टुलावरून उठल्या, दारात आल्या आणि म्हणाल्या, "माहीत नाही."

तरुण हसला, आभार मानले आणि पुढच्या दुकानात विचारायला गेला.